रोंडाचं छोटं काडतूस

डिलन गावच्या कॅफेत सकाळी जमणाऱ्या मंडळींना दोनच विषय वर्ज्य होते: दुसऱ्याच्या बायकोचा स्वयंपाक आणि दुसऱ्याची शिकारीची जागा. बाकी जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांना मत होतं. त्यातही एल्कसाठी, म्हणजे तिथल्या थोराड सांबरासाठी, कुठलं काडतूस चांगलं, यावरचं मत ऐकवल्याशिवाय कुणाच्या घशाखाली कॉफी उतरत नसे.

वेंडल सोर्बी त्या टेबलावरचा जुना मानकरी. उभा जन्म त्याने रस्त्यांवरचा बर्फ सारण्यात घालवला आणि दर हिवाळ्याच्या तोंडाशी तीनशे मॅग्नम काडतुसाची बंदूक खांद्याला लावून तो डोंगरात गेला. घोड्याएवढं जनावर पाडायचं तर काडतूसही तसंच दणकट हवं, अशी त्याची श्रद्धा होती. पण मागच्या हंगामात विपरीत घडलं. गोळी छातीऐवजी पोटाकडे लागली आणि एल्कची ती मादी पळाली. बर्फातले रक्ताचे थेंब शोधत वेंडल अंधार पडेपर्यंत हिंडला, दुसऱ्या दिवशी पुन्हा हिंडला. पाइनच्या दाट रानात माग हरवला तो हरवलाच. ते जनावर कुठेतरी तडफडत पडलं असेल, या विचाराने त्याला कितीतरी दिवस अन्न गोड लागलं नाही.

"यंदा पुन्हा असं झालं ना, तर मी बंदूक विकून टाकणार," त्याने बायकोला, रोंडाला, सांगितलं. हा माणूस उगाच बोलत नाही, हे तिला माहीत होतं.

यंदा कुठलं काडतूस वापरावं, हा प्रश्न त्याने ऑगस्टमध्ये कॅफेच्या टेबलावर मांडला. त्याचा शिकारीतला जोडीदार मर्ल तयारच होता.

"त्याहून दणकट, तीनशे अडतीस घे डोळे मिटून. अरे, शेपटीला लागली तरी जनावर खाली बसतं."

"खांदा उतरेल माझा."

"मग रोंडाची ती चिमण्या उडवायची बंदूक घे!"

सगळे हसले. वेंडलही हसला. रोंडा आपल्या ओढ्याकाठी एकटीच जायची, तिचं ते चिमुकलं सेव्हन-ओ-एट काडतूस घेऊन, आणि दरवर्षी एल्क घेऊन यायची. घरातला फ्रीझर भरायचा तो बहुतेक तिच्याच शिकारीने. याला वेंडल इतकी वर्षं नशीब म्हणत आला होता. नवऱ्यांना असले शब्द बरे सापडतात.

घरी आला तेव्हा रोंडा तळघरात काडतुसं भरत बसली होती. दोघांचीही काडतुसं तीच भरायची. वापरलेली पितळी नळकांडी पुसायची, दारू मापून घालायची, वर गोळी दाबून बसवायची.

"तीनशे अडतीस घेतोय मी," वेंडल म्हणाला.

"घे की. पण आधी आहे ती बंदूक तपासू. उद्या गावाबाहेर जाऊन चार गोळ्या मारून बघ."

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या माळावर त्यांनी कागदी निशाण लावलं. रोंडाने स्वतःच्या हाताने बंदूक भरून दिली. पहिला बार झाला. कान दणाणले, खांदा हादरला. वेंडलने पुन्हा नेम धरला, चाप ओढला आणि नुसतं टक वाजलं. बार झालाच नाही. तरीही बंदुकीची नळी गपकन खाली गेली, वेंडलचे डोळे घट्ट मिटले आणि मान खांद्यात शिरली. काहीच न होता एवढं सगळं झालं.

रोंडा शांतपणे म्हणाली, "त्यात मी दारू घातली नव्हती."

वेंडल लालबुंद झाला. "मला बनवतेस?"

"मी कशाला बनवू? तुझा खांदा बनवतोय तुला, किती वर्षं कोण जाणे. धक्का बसायच्या आधीच तू घाबरतोस, वेंडल."

घाबरतोस हा शब्द त्याला भलताच झोंबला. रात्री ताटातल्या बटाट्याशी बराच वेळ खेळून शेवटी म्हणाला, "म्हणजे ती मादी माझ्यामुळे गेली. काडतूस बिचारं चांगलंच होतं."

"हो," रोंडा म्हणाली. तिने त्याची समजूत घातली नाही, आणि त्याला ते बरं वाटलं.

मग तिची बंदूक त्याने हातात घेतली. पहिल्या दिवशी गोळ्या कागदभर पसरल्या, कारण खांदा सवयीने आधीच आक्रसायचा. रोंडा मधूनच बिनदारूचं काडतूस घालायची आणि नळी हलली की जिभेने च्च करायची. सप्टेंबर सरता सरता नळी हलेनाशी झाली आणि सगळी भोकं चहाच्या बशीखाली झाकता येऊ लागली. आता अडचण उरली ती एवढीच, की बंदूक एक आणि शिकारी दोन.

"मग बरोबर जाऊ," रोंडा म्हणाली. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण हे दोघांनाही कधी सुचलं नव्हतं.

कॅफेत सांगणं भाग होतं. वेंडलने कॉफीचा घोट घेतला आणि सांगून टाकलं. मर्ल खुर्चीतून पडायचाच बाकी राहिला.

"मग झगाही तिचाच घालून जा की!"

"कमरेत बसला असता तर घातला असता," वेंडल म्हणाला, आणि त्या दिवशी टेबलावर त्याच्यावर कुणाला मात करता आली नाही.

हंगामाच्या पहिल्या दिवशी त्यांना कळप दिसला, पण पार समोरच्या उतारावर. वेंडल बंदूक टेकवून आडवा झाला.

"एवढ्या लांबून मी मारायचो," तो कुजबुजला.

"मारायचास. मी नाही मारत."

"म्हणून तुझा नेम चुकत नाही होय?"

"लांबचं मी सोडून देते रे. तुला काय वाटलं, काडतुसात जादू आहे?"

वेंडल दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिला. मग त्याने बोट चापावरून काढलं. कळप चरत चरत डोंगराच्या धारेपलीकडे गेला. हातचं जनावर त्याने आपणहून सोडलं होतं, तेही उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. हळहळ वाटेल म्हणून तो वाट बघत राहिला, पण ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं विरलं आणि ओढ्याच्या काठाला एक मादी आडवी उभी दिसली, चांगली जवळ. वेंडलने श्वास सोडला. बार कधी झाला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. मादी चार पावलं चालली, पुढचे पाय दुमडले आणि तिथेच बसली. ती दोघं पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

वेंडल गुडघ्यावर बसला. तिच्या ऊबदार मानेवर हात ठेवून बसून राहिला. वर्षभराचं ओझं उतरलं होतं आणि डोळे भरून आले होते.

"लगेच गेली गं," तो म्हणाला.

"लगेच गेली," रोंडा म्हणाली.

दोघांनी मिळून जनावर सोललं, मांस पिशव्यांत भरलं. रोंडाने सुरी गवतावर पुसली, बंदूक उचलून आपल्या खांद्याला अडकवली आणि सगळ्यात जड पिशवी त्याच्याकडे सरकवली.

"चल, उचल. एका जनावराचा परवाना माझाही आहे. उद्यापासून तू माझ्या मागून चालायचंस."

"आणि बोलायचं नाही?"

"अजिबात नाही."

"बरं," वेंडल म्हणाला आणि पिशवी पाठीवर घेऊन तिच्या मागोमाग आनंदाने उतार उतरू लागला.