जाळीतला हार

पावसाचे पाणी साठवणे ही एक उपासना आहे, असे मी नव्या टाकीच्या पूजेला जमलेल्या शेजाऱ्यांना सांगितले. टाकीला कुंकू लावले, नारळ फोडला आणि गच्चीवर पाइपाच्या तोंडाला झेंडूचा हार घातला. "काका, तिथली जाळी तेवढी साफ ठेवा," असे प्लंबर म्हणाला. ते मला फार किरकोळ वाटले.

पुढे पाऊस लांबला. त्यातच गावाची जलवाहिनी फुटली आणि चार दिवस नळ कोरडे राहिले. पाचव्या दिवशी तासभर पाऊस कोसळला, तरी टाकीची तोटी सोडली की नुसती हवा येई.

"काय हो, देव पावला नाही वाटतं!" कुंपणापलीकडून शेजारचे नाना ओरडले.

बायको छत्री न घेताच वर गेली. गच्चीत घोटाभर पाणी तुंबले होते. तिने पाइपाच्या तोंडात हात घालून काळा, बुळबुळीत लगदा बाहेर काढला.

"हा घ्या तुमचा हार."

पाइप घास अडकलेल्या माणसासारखा खोकला आणि खाली टाकीत धबधबा सुरू झाला. इतका सुरेल आवाज मी कुठल्याही मैफलीत ऐकलेला नाही. भिजलेल्या जिन्यात बसून मी तो ऐकत राहिलो. आपण ज्यांना मान देतो त्यांचे असेच होत असावे. हार घालायला दहाजण पुढे येतात, सुकलेला काढायचे मात्र कुणाला सुचत नाही.

संध्याकाळपर्यंत टाकी अर्धी भरली. पहिली बादली संडासात गेली.