सासूबाईंचे बावन्न टक्के

माझ्या सासूबाई खोटं बोलतात. ही चहाडी नव्हे. घाटकोपरच्या भटवाडीतल्या आमच्या अख्ख्या इमारतीला आता हे ठाऊक आहे, कारण त्यांनी ते स्वतःच माइकवरून सांगितलंय. पण ते पुढे येईलच.

बाकीची दुनिया थाप मारते ती फुगवून मारते. आमच्या आई, म्हणजे श्रीमती जानकी धोंडू वायंगणकर, वय वर्षं सत्त्याहत्तर, थाप मारतात ती हवा काढून. घरात सुरमई तळत असावी आणि जिन्यात कोणी म्हणावं, काय वास सुटलाय हो काकू, तर यांचं उत्तर तयार: बांगडे हत गो, तेय शिळे. आम्ही नवा फ्रिज आणला, तर तो भाच्याने वापरून टाकलेला. सुयोगला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बढती मिळाली, तर हापिसात काम वाढवलंय आणि पगार होता तितकाच. माझी ऋतिका जन्मली तेव्हा मी टाके घालून हॉस्पिटलच्या खाटेवर पडलेली, आणि या बाई भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगतायत, पोर काळीच आहे, किडकिडीत आहे, नाकही बसकं. लेक माझी गोरीपान, गुटगुटीत, समोर पाळण्यात. लोक एकदा पाळण्यात बघायचे, एकदा यांच्याकडे. मी तेव्हा नवीन होते म्हणून गप्प बसले. आता नाही बसत.

हे सगळं कशासाठी, तर दृष्ट लागू नये म्हणून. चांगलं काही झालं की ते तोंडातून बाहेर काढायचं नाही. आणि तरी चुकून बाहेर गेलंच, तर मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन माणसावरून उतरवायच्या आणि गॅसवरच्या जुन्या तव्यात टाकायच्या. त्याचंही एक शास्त्र आहे. मिरच्या जळताना ठसका लागला तर समजायचं, दृष्ट नव्हतीच. ठसका नाही लागला तर होती, जबरदस्त होती, आणि जळून गेली. आमच्याकडे आजवर एकदाही ठसका लागलेला नाही. म्हणजे आम्ही सगळे खोकून खोकून अर्धमेले होतो, माझा धाकटा श्रेयस बाल्कनीत पळतो, पण आई डोळ्यांतून पाणी गळत असताना पदर तोंडाला लावून ठामपणे म्हणतात, बघा, ठसकोच नाय. केवढी लागली होती!

माझं माहेर बोरिवलीचं. आमच्याकडे धाकटा भाऊ चौथीत वक्तृत्वात तिसरा आला होता, स्पर्धक चारच होते, तरी माझ्या बाबांनी रस्त्यावरच्या ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना थांबवून सांगितलं होतं. अशा घरातून मी या घरात आले. तुम्हीच विचार करा.

तर या वर्षी ऋतिका दहावीला होती. निकाल लागला. चौऱ्याण्णव पूर्णांक चाळीस. मी किंचाळायला तोंड उघडलं आणि आईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. खरोखर ठेवला, कणकेचा. त्याच दिवशी धाकट्या श्रेयसलाही सातवीत वर्षभर एक दिवस न चुकता शाळेत गेल्याबद्दल ढाल मिळाली होती. सुयोग पेढे घेऊन आला. आईंनी दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला, आणि आम्ही पाच जणांनी पेढे असे खाल्ले जसे काही चोरीचे होते. रिकामा खोका काळ्या पिशवीत गुंडाळून कचऱ्यात गेला. आईंनी स्वतः ऋतिकाला तीन पेढे भरवले, गालावरून हात फिरवला, डोळे भरून आले त्यांचे. मग त्या खाली दूध आणायला गेल्या आणि कुंदाकाकूंनी ऋतिकाचं विचारल्यावर म्हणाल्या, झाला चेडू कसाबसा पास. बावन्न टक्के.

कुंदाकाकू म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मार्तंडकाका यांच्या मिसेस. बाई मनाने फार चांगली, आणि हीच खरी पंचाईत. दुसऱ्या दिवशी त्या शिऱ्याचा डबा घेऊन हजर. ऋतिकाला जवळ घेतलं, मार्क म्हणजे सगळं काही नसतं बाळा, आमच्या मधुवंतीलाही गणितात काठावरच होते, आता बघ, स्वतःचं पार्लर आहे. वर एका पार्लरच्या कोर्सचं माहितीपत्रक ठेवून गेल्या. श्रेयससाठी च्यवनप्राश, कारण आईंनी सांगितलं होतं की तो वर्षभर सारखा आजारी असतो. मी तोंड उघडणार तोच आईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. ऋतिका सगळ्यांसमोर हसली, थँक्यू काकू म्हणाली आणि आत गेली.

मला वाटलं, पोरीला सवय आहे, हसण्यावारी नेलं. कसलं काय! चार दिवसांनी खाली नोटीस लागली. शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, ऐंशी टक्क्यांवरचे. तीन नावं होती. ऋतिकाचं नव्हतं. कसं असेल? सेक्रेटरीच्या घरात ती बावन्नवाली. माझं डोकंच फिरलं. गुणपत्रिकेचा फोटो मोबाइलवर काढला आणि चपला घालायला लागले, तर ऋतिका दारात आडवी.

"मम्मी, तू नको सांगूस. बाबांनी पण नको. आजी स्वतः सांगणार असेल तर मी जाईन, नाहीतर मला नको तो सत्कार."

मी म्हटलं, अगं, आजी ते दृष्ट लागू नये म्हणून करते, तुला माहितेय ना. तर म्हणाली, माहितेय. पण मी वर्षभर पहाटे उठले ना, तेव्हा चहा आजीच करून द्यायची. तिने एकदा तरी माझे खरे मार्क मोठ्याने म्हणावेत, एवढंच. आणि मग तिला रडू फुटलं आणि ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली. आता मला सांगा, आईच्या काळजाचं काय होणार? शिवाय मी सांगू नये हे तिचं म्हणणंही बरोबर होतं. मी जाऊन खरं सांगितलं असतं तर आजी इमारतीत खोटारडी ठरली असती, आणि तेही पोरीला नको होतं.

मी तडक स्वयंपाकघरात. आई नारळ खवत होत्या. मी बोलायला लागले की थांबत नाही, हे सुयोग सांगेल तुम्हाला. पोर रडतेय, लोक तिला पार्लरचे कोर्स आणून देतायत, ही कुठली माया, सगळं सगळं बोलले. त्या खाली मान घालून खवत राहिल्या. माझं संपल्यावर एवढंच म्हणाल्या, एकदा सांगून बघितलंय मी. आणि पुढे एक अक्षर नाही. कोणाचं सांगितलं, कधी सांगितलं, काही नाही.

रविवारी माझे मोठे दीर आले, सुबोध भाऊजी. कुर्ल्याला त्यांचा छोटा लेथचा कारखाना आहे, वय अठ्ठावन्न, माणूस कायम थट्टेच्या मूडमध्ये. त्यांना बाल्कनीत गाठून मी विचारलं, आईंनी कधी कोणाचं कौतुक केलं होतं हो? ते हसायला लागले. म्हणाले, माझं! आणि मग सांगायला लागले.

ब्याऐंशी साली ते दहावीला शाळेत पहिले आले. तेव्हा सगळे लालबागच्या चाळीत राहायचे. पेढ्यांना पैसे नव्हते, कारण सासरे गिरणीत आणि गिरण्यांचा संप आधीच सुरू झालेला. तरी आईंनी वाटीत साखर घेतली आणि चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाटली. माझो सुबोध शाळेत पयलो, माझो सुबोध शाळेत पयलो. रेशनवाल्याला सांगितलं, नळावर सांगितलं, बसच्या कंडक्टरलाही सांगितलं. भाऊजींनी आईंच्या आवाजाची अशी नक्कल केली की मलाही हसू आलं. मग म्हणाले, संप काही मिटला नाही. गणपतीपर्यंत घरात दाणा उरला नव्हता. कॉलेजात नाव घातलं होतं, ते काढलं आणि मी कुर्ल्याला लेथ मशीनवर कामाला लागलो. वाईट वाटलं तेव्हा, शाळेसमोरून जायचो नाही मी. पण श्वेता, तू हे आज का विचारतेयस?

मी सांगितलं. बावन्न टक्के, शिरा, नोटीस, आणि आईंचं ते एक वाक्य. भाऊजी हसायचे थांबले. एवढी वर्षं त्या बांगडे सांगतात, जुना फ्रिज सांगतात, म्हणून त्यांनीच आईंची सगळ्यात जास्त टिंगल केली होती. त्यामागे आपण आहोत, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते उठून आत गेले. मी मागोमाग. चोरून ऐकायला नव्हे, उघड ऐकायला गेले.

आई ओट्यापाशी होत्या. भाऊजींनी विचारलं तसं त्यांनी आधी उडवून लावलं, मग पदराच्या टोकाशी खेळत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मियाच माझ्या तोंडान तुझी वाट लावलंय रे. सगळ्या जगाक सांगत सुटलंय."

भाऊजी एरवी आमच्याशी मुंबईचं बोलतात. आईशी मात्र गावचं. "माका दृष्ट नाय लागली गो आये," ते म्हणाले. "संप लागलो. अख्ख्या गिरणगावाक लागलो. तू काय अख्ख्या गिरणगावात साखर वाटलंस?"

त्रेचाळीस वर्षं एक बाई स्वतःला दोष देत जगते आणि घरात कोणाला पत्ता नाही. मीही पत्ता नसलेल्यांतलीच, वर फटाफटा बोलून मोकळी झालेली. मला त्या क्षणी त्यांना मिठी मारावीशी वाटली. आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी त्यांच्या हातातलं भांडं घेऊन घासायला लागले.

त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. शनिवार आला. भाऊजी मुद्दाम आले होते. ऋतिका काही खाली यायला तयार नव्हती. आई मात्र ठेवणीतली साडी नेसून आल्या आणि तिला म्हणाल्या, चल, माका जिन्यावरून धर. आता आजीला जिन्यावरून धरायचं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? आली.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या, मार्तंडकाकांच्या हातात माइक. तिन्ही मुलांना एकेक शाळेची बॅग आणि गुलाबाचं फूल मिळालं. टाळ्या झाल्या. मग काकांनी रीत म्हणून विचारलं, कोणी राहिलं तर नाही ना? ऋतिका जमिनीकडे बघत होती. तिच्या शेजारची खुर्ची करकरली. आई उभ्या राहिल्या होत्या. तशाच चालत पुढे गेल्या आणि काकांच्या हातातून माइक घेतला.

"माझ्या नातीक चौऱ्याण्णव टक्के पडलेत," त्या म्हणाल्या. "वर पॉइंट चाळीस."

मार्तंडकाकांना वाटलं, म्हातारीचा गोंधळ झाला. हळूच म्हणाले, काकू, बावन्न ना? तर आई माइकमध्येच म्हणाल्या, ता मिया खोटा सांगितलंय. सगळं पार्किंग हसलं. सगळ्यात मोठ्याने कुंदाकाकू हसल्या, आणि उठून त्यांनीच आधी टाळ्या वाजवल्या. ऋतिका पुढे गेली तेव्हा तिला चालावं की पळावं ते कळत नव्हतं. मी रडत होते, सुयोग मोबाइलवर शूटिंग करत होता आणि नंतर बघितलं तर त्याने स्वतःच्या अंगठ्याचंच शूटिंग केलं होतं.

काका माइक परत घ्यायला गेले, तर आई सोडेनात. "माझो मोठो झील, सुबोध. ब्याऐंशी साली शाळेत पयलो इलेलो," त्या म्हणाल्या. "त्येचो सत्कार रवलो हा, तो करा."

यावर कोणी हसलं नाही. मार्तंडकाका तसे नियमाला चिकटून राहणारे, पण त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. ऋतिकाला दिल्यावरही एक बॅग जास्तीची होती. भाऊजींचं नाव माइकवरून पुकारलं, वडिलांच्या नावासकट, आणि अठ्ठावन्न वर्षांचा, पांढऱ्या मिश्यांचा तो माणूस पुढे जाऊन निळी शाळेची बॅग घेऊन आला. थट्टा करायची सोडून त्यांनी ती तिथल्या तिथे खांद्याला लावली.

वर आलो आणि आईंनी सरळ तवा काढला. मी म्हटलं, झालं, चला खोकायला. पहिली ऋतिका, मग श्रेयस त्याच्या ढालीसकट, आणि मग त्यांनी भाऊजींना स्टुलावर बसवलं. बॅग अजून खांद्यालाच होती. मीठ, मोहरी, मिरच्या त्यांच्यावरून उतरवल्या, काहीतरी पुटपुटल्या आणि मूठ तव्यात सोडली.

धूर उठला. श्रेयस बाल्कनीत पळाला, सुयोग शिंकला, भाऊजींचे डोळे लाल. आम्ही सगळे नेहमीप्रमाणे आईंच्या तोंडाकडे बघत होतो, आता म्हणतील, ठसकोच नाय. आईंनी पदर तोंडाला लावला. मग खाली घेतला. आणि त्यांना असा खोकला आला, असा खोकला आला की ऋतिकाने धावत पाणी आणलं. दोन घोट प्यायल्या, भाऊजींच्या डोक्यावर हात ठेवला.

"ठसको लागलो रे," त्या म्हणाल्या. "नव्हतीच तुका दृष्ट."