मात होईपर्यंत उठलो नाही

मंडळी, गावच्या ग्रुपवर इतक्या उशिरा लिहितोय, माफ करा.

आज जळगावच्या बुद्धिबळ स्पर्धेत माझ्यासमोर भुसावळची रेटिंगवाली मुलगी आली. घाबरून मी वजीर लवकरच घालवला. ती हळूच म्हणाली, "आबा, अशा वेळी डाव सोडून देतात."

मी म्हटलं, "बेटा, आमच्या असोद्यात मात झाल्याशिवाय कुणी उठत नाही. तू मात कर."

तिनं मान डोलावली आणि नीट विचार करून मात केली. मग मी उठलो.

सोबत आलेला माझा मुलगा बाहेर चिडला. "लोक हसत होते, आबा. उद्याच्या फेरीला मी गाडीवर आणणार नाही."

हसू द्या. भीती मला उद्याही वाटेल, पण डाव मी खेळणारच. सकाळी असोद्याहून जळगावला कोण निघतंय? मला मागं बसवून न्या. लवकर कळवा, नाहीतर झोप लागायची नाही.