हाताच्या इशाऱ्यावर

चौकातल्या त्या हवालदाराला सगळे मास्तर म्हणायचे. बाकीचे हवालदार पावती फाडून मोकळे व्हायचे, मास्तर आधी शिकवणी घ्यायचे. "हेल्मेट डोक्यात घालतात, हँडलला टांगत नाहीत. हँडलला मेंदू आहे का?" असं सुरू झालं की पकडलेला माणूस दहा मिनिटांत हात जोडायचा. "साहेब, पावती फाडा, पण जाऊ द्या." मग मास्तर त्याला सोडायचे, बहुतेकदा पावती न फाडताच.

सव्वीस वर्षं चौकात उभं राहून त्यांनी आपलं एक शास्त्र तयार केलं होतं. रडणाऱ्याला लगेच सोडायचं नाही, ओरडणाऱ्यावर लगेच चिडायचं नाही. पोराला पुढ्यात बसवून सिग्नल तोडणाऱ्या बापाला मात्र अजिबात सोडायचं नाही, मग तो कुणाचाही मेहुणा असो. हॉस्पिटलात निघालोय म्हणणाऱ्याला वॉर्ड विचारायचा. खरा माणूस त्या प्रश्नाने भडकतो, खोटा विचारात पडतो. कायद्याच्या पुस्तकात यातलं काही नव्हतं, पण पुस्तक लिहिणारा दुपारी दोन वाजता त्या चौकात कधी उभा राहिला नव्हता. मास्तरांचा अंदाज सहसा चुकत नसे, आणि हे त्यांना स्वतःला फार चांगलं ठाऊक होतं. सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

तात्यांना त्यांनी अडवलं ते अशाच एका सकाळी. तात्या म्हणजे बाजार ते हॉस्पिटल या रस्त्यावरचे जुने रिक्षावाले, साठी ओलांडलेले, कधी कुणाशी भांडण नाही की तंटा नाही. त्या दिवशी ते लाल दिव्यातून सरळ निघून आले, तेही निवांत, गाणं गुणगुणत.

"तात्या, दिवा लाल होता."

"हिरवा होता, साहेब."

तात्या खोटं बोलत नव्हते. मास्तरांना ते लगेच कळलं. त्यांनी रिक्षा बाजूला घ्यायला लावली आणि विचारलं, "समोरच्या इमारतीवर पाटी कसली आहे?"

"बँकेची की. निळ्यावर पांढरी अक्षरं."

बँक तिथून हलून चार महिने झाले होते. आता तिथे गाद्यांचं दुकान होतं आणि दोन मजले व्यापून एक बाई गादीवर झोपलेली होती. एवढी मोठी बाई ज्याला दिसत नाही, त्याला दिवा काय दिसणार?

"किती दिसतं?" मास्तरांनी आवाज खाली आणून विचारलं.

तात्यांनी आधी टाळाटाळ केली, मग सांगितलं. काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसरा कामापुरता. माणसं, गाड्या, हलणारं काहीही कळतं. पण ऊन असलं की तिन्ही दिवे सारखेच. "पोरगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला कळलं तर ती शिकणं सोडून घरी बसेल, आणि मलाही बसवेल. एक वर्ष द्या, साहेब. ती नोकरीला लागली की मी स्वतः लायसन्स आणून तुमच्या हातात देतो."

नियम अगदी स्पष्ट होता. लायसन्स जमा करायचं, तपासणीला पाठवायचं, रिक्षा जागेवर थांबवायची. मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला आणि आपलं शास्त्र काढलं. माणूस दारू पीत नाही, रिक्षा जोरात हाणत नाही, चाळीस वर्षांत एक अपघात नाही. याच्या पोटावर पाय कसा द्यायचा?

"दिवसाउजेडी चालवायची," ते म्हणाले. "पावसात नाही. हा एक रस्ता सोडून कुठे जायचं नाही. आणि माझ्या चौकात दिव्याकडे बघायचंच नाही, माझा हात बघायचा. पंजा दिसला की थांबायचं, हात हलवून बोलावलं की यायचं."

दुसऱ्या दिवसापासून मास्तर पांढरे हातमोजे घालून उभे राहू लागले. ते हातमोजे खात्याकडून केव्हाच मिळालेले, पण उकाड्यापायी कुणी घालत नसे. "बँडमध्ये नाव दिलंत काय?" असं बरोबरचे हवालदार विचारायचे. घरी बायकोला मात्र त्यांनी खरं सांगितलं. ती हातमोजे पिळून दोरीवर टाकत होती.

"तुम्ही डोळ्यांचे डॉक्टर कधीपासून झालात?" ती म्हणाली.

"अगं, एक वर्षाचा तर प्रश्न आहे."

"आणि तुम्ही नसाल त्या दिवशी?"

"त्या दिवशी तो गाडी काढणार नाही. ठरलंय आमचं."

"म्हणजे सगळं तुमच्या हातावर," ती म्हणाली आणि विषय सोडून दिला. तिचा स्वभाव माहीत असता तर त्या सोडून देण्याचा अर्थ कुणालाही कळला असता, आणि मास्तरांना तर तो पक्का माहीत होता.

अकरा महिने सगळं सुरळीत चाललं. चाललं म्हणजे काय, छान चाललं. तात्यांची रिक्षा उतारावरून येताना दिसली की मास्तर अंगात आल्यासारखे त्या बाजूला वळायचे, पंजा दाखवायचे, दिवा बदलला की हात हलवून बोलवायचे. जाता जाता तात्या कपाळाला दोन बोटं लावायचे. मास्तरांनी आपली रजासुद्धा तात्यांना विचारून घेतली. खरं सांगायचं तर त्यांना या प्रकारात गोडी वाटू लागली होती. दिवसभर लोकांच्या शिव्या खाणाऱ्या माणसाला आपल्या हातावर कुणाचं तरी घर चाललंय, हे वाटणं फार सुखाचं असतं.

चौकात रोज दिसणारं आणखी एक माणूस म्हणजे रस्ता झाडणारी मावशी. सकाळी साडेदहाला तिचं झाडणं आटपायचं आणि कचऱ्याची ढकलगाडी घेऊन ती पट्ट्यांवरून पलीकडे जायची. अख्ख्या शहरात माणसांचा हिरवा दिवा लागेपर्यंत थांबणारी ती एकटीच असावी. मास्तर तिचं उदाहरण शिकवणीत द्यायचे. "तुमचं कौतुक पुरे," ती म्हणायची, "तुमच्या चौकीपुढचे चहाचे कप आधी उचला. रोज मीच का?"

त्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला एक बस चौकाच्या मधोमध बंद पडली. मागे दिवा लाल झाला, आडव्या रस्त्याच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. मास्तर बससमोर जाऊन उभे राहिले. दोनदा धडपडून इंजिन चालू झालं. मास्तरांनी हात उंच केला आणि ड्रायव्हरला बोलावलं. ये, ये, लवकर काढ.

तात्या तेव्हा उतारावरून येत होते. बसच्या कडेने त्यांना पांढरा हात दिसला, बोलावणारा. त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला.

मास्तरांनी रिक्षा पाहिली तेव्हा हात अजून वरच होता. पंजा करायला जितका वेळ लागतो तितकाही मिळाला नाही. मावशी हिरव्या दिव्यावर पट्ट्यांवर उतरली होती, रोजच्यासारखी. ढकलगाडी एकीकडे गेली आणि ती एकीकडे. मास्तर धावत पोचले, तिचं डोकं मांडीवर घेतलं, हातमोजा काढून तो जखमेवर दाबला. अँब्युलन्स आली तेव्हा दाबून धरण्यासारखं काही उरलं नव्हतं. तात्या रिक्षाला धरून उभे होते आणि कुणालातरी विचारत होते, "कोण होतं? कोण होतं हो?"

दुपारी पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टरसाहेबांनी कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलं. त्यात लाल दिवा दिसत होता, रिक्षा दिसत होती, मावशी दिसत होती. मास्तर बसच्या आड होते. त्यांचा हात कुठेच नव्हता.

"सरळ केस आहे," साहेब म्हणाले. "म्हाताऱ्याच्या डोळ्यांचा बोऱ्या वाजलाय, डॉक्टरने आत्ताच लिहून दिलं. दिवा हिरवा दिसला म्हणतोय, दुसरं काही बोलायला तयार नाही. तुम्ही रोज तिथे असता. आधी कधी जाणवलं होतं का काही?"

मास्तरांनी मनात हिशेब मांडला. माहीत होतं म्हटलं तर नोकरी जाणार, निवृत्तीचं सगळं जाणार, कदाचित तात्यांच्या शेजारच्या कोठडीत बसायची वेळ येणार. नव्हतं म्हटलं तर तात्या एकटेच जाणार.

साहेबांनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. साहेबही कधीकाळी चौकात उभे राहिले होते. "नोकरीची सहा वर्षं राहिलीत तुमची," ते म्हणाले. "नीट आठवा. संध्याकाळी जबाबावर सही करा."

संध्याकाळपर्यंत मास्तरांनी मनाचा हिय्या केला. हात माझा होता, ते मीच सांगणार, आणि आधी तात्यांना सांगणार. ते अंगातला सदरा बदलून आले होते, कारण गणवेशावर मावशीचं रक्त होतं. साध्या कपड्यांत ते कोठडीपुढे जाऊन उभे राहिले. गजांच्या आत तात्या भिंतीला टेकून बसले होते. पावलं वाजली तशी त्यांनी मान वर केली आणि डोळे बारीक करून पाहिलं. पण आत उजेड कमी होता, आणि उभा माणूस हलत नव्हता.

"साहेब, एक काम कराल का?" तात्या त्या अनोळखी माणसाला म्हणाले. "चौकातले मास्तर आहेत ना, त्यांना निरोप द्या. म्हणावं, मी तुमचं नाव घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. त्यांनी माझ्यावर उपकार केलेत. आजचं चुकलं ते माझंच. हात दुसऱ्या कुणासाठी असेल, एवढं मला कळायला हवं होतं."

मास्तर बोलणार होते. शब्द तोंडात आलेले होते. पण त्या आधी त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरलं हे त्यांना स्पष्ट कळलं. त्यांना सुटल्यासारखं वाटलं. मावशी शवागारात होती, तात्या गजाआड होते, आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं. स्वतःची इतकी किळस त्यांना जन्मात आली नव्हती.

"द्याल ना निरोप?" तात्यांनी विचारलं.

मास्तरांनी तोंड उघडलं असतं तर तात्यांनी आवाज ओळखला असता. म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. तात्यांना ती दिसली नाही. ते उत्तराची वाट बघत तसेच गजांकडे तोंड करून बसले.

मास्तर पावलं न वाजवता जिना चढले. साहेबांच्या टेबलावर जबाब लिहून तयार होता. चालकाच्या दृष्टीबाबत पूर्वी काहीही निदर्शनास आले नव्हते, असं शेवटच्या ओळीत होतं. मास्तरांनी तो पूर्ण वाचला आणि खाली सही केली.