लोट्याला न गेलेली दर्शना

हातखंब्याजवळच्या आंब्याच्या कॅनिंग कारखान्यात दर्शना चौदा वर्षं प्रयोगशाळेत होती. तेवढ्या काळात तिचा नवरा दीपक ठाण्याहून पुण्याला, तिथून चाकणला आणि चाकणहून नाशिकला गेला. दर वेळी वरच्या हुद्द्यावर. नोकरी बदलली की मगच घरी फोन यायचा. त्यात कुणाला विचारायचं असतं, हे कुणाच्या मनातही येत नसे.

गणपतीच्या आधी कारखान्यात प्रयोगशाळाप्रमुखाची जागा रिकामी झाली. ती शुभंकरला मिळाली. त्याला काम दर्शनानेच शिकवलं होतं. ती साहेबांकडे गेली.

"त्याच्या हातात दुसरीकडची ऑफर होती, मॅडम," साहेब सरळ म्हणाले. "दिली नसती तर तो गेला असता. तुम्ही कुठे जाताय?"

हे तिला फार लागलं. तिने लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत अर्ज टाकला. मुलाखतीच्या दिवशी माहेरी, मंडणगडला जाते म्हणून निघाली आणि वाटेत लोट्याला उतरली. आठ दिवसांत पत्र आलं. प्रमुखाची जागा, राहायला क्वार्टर.

पण घरी सासरे होते. भिकाजीअप्पांची उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी लुळी पडली होती. सासूबाई नव्हत्या. दिवसा शेजारची बाई येऊन बसायची, सकाळ-संध्याकाळ सगळं दर्शनाच बघायची. लेक आरोही आठवीत.

तिने दीपकला फोन लावला.

"अगं, लोटे काय जवळ आहे? अप्पांना कोण बघणार?"

"तुम्ही या ना इकडे. सहा महिने तरी, माझं तिथे बस्तान बसेपर्यंत. मग अप्पांना तिकडेच नेऊ."

"मी नोकरी सोडू?" त्याला खरोखरच नवल वाटलं होतं. रागावला असता तर दर्शना भांडली तरी असती.

हे बोलणं अप्पांनी ऐकलं होतं. सकाळी ती त्यांना पेज भरवत होती, तेव्हा जड जिभेने ते म्हणाले, "जा गो तू."

"आणि तुमचं, अप्पा?"

त्यांच्या हनुवटीवर ओघळलेली पेज तिने पुसली आणि पुढचा चमचा भरला.

दुपारी तिने लोट्याला फोन करून नकार कळवला. तिकडच्या बाईंनी विचारलं, "तुमच्या हाताखाली तयार झालेलं दुसरं कोणी आहे का?" दर्शनाने राहीचं नाव दिलं. राही तिची मदतनीस, चोवीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं.

महिन्याभरात राही गेली. निरोपाच्या दिवशी ती दर्शनाच्या गळ्यात पडून रडली. "ताई, ही जागा तुमची होती."

"लग्न ठरलं तरी सोडू नकोस," दर्शना तिच्या कानात म्हणाली.

पेढे वाटून झाल्यावर साहेब जवळ आले. "राहीचंही काम आता तुम्हीच बघा, मॅडम. नवीन मुलगी मिळेपर्यंत."

दर्शनाने मान हलवली. साडेपाचची एसटी गाठायची होती. ती पर्स घेऊन भरभर फाटकाकडे निघाली.