योसेफची ट्रकवाली गाणी

परवा एसटीने राजूरला जाताना घाटात तापलेल्या ब्रेकचा करपट वास आला आणि मला योसेफ आठवला. आम्ही दोघं संगमनेरहून साखरेचा ट्रक आळीपाळीने चालवायचो. रविवारी चर्चमध्ये भजनं म्हणणारा हा माणूस ट्रकमध्ये मात्र जुन्या प्रेमगीतांची पार वाट लावायचा. चाल तीच ठेवायची आणि प्रेयसीच्या जागी पंक्चर टायर नाहीतर क्लच बसवायचा.

एका दुपारी आम्ही माल उतरवून परतत होतो; घर सोडून तिसरा दिवस होता आणि ट्रक मी चालवत होतो. माझे डोळे चुरचुरत होते आणि योसेफचं चालूच होतं, "रुसलीस का गं क्लचराणी, पाजू का तुला ऑइल-पाणी?"

"गप की रं! डोकं उठलंय," मी खेकसलो.

तो गप्प झाला. केबिनमध्ये इंजिनची घरघर आणि ऊन एवढंच उरलं. माझी मान कधी कलली, कळलंच नाही. डोळे उघडले तेव्हा योसेफ माझ्या अंगावर आडवा होऊन स्टिअरिंग ओढत होता. डावी चाकं रस्त्याखाली उतरली होती. मी ब्रेक दाबला आणि ट्रक बाभळीला घासून थांबला.

स्टिअरिंग सोडत योसेफ म्हणाला, "तू झोपू नये म्हनून गात हुतो, लेका. मलाबी लई झोप आल्ती."

मला आपलं वाटायचं, हा दमतच नाही.

उरलेली वाट त्याने ट्रक चालवला. मी शेजारी बसून त्याची गाणी भसाड्या आवाजात म्हणत राहिलो, संगमनेर येईपर्यंत.