कामठीला दोनदा

वर्धा मागे पडलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. खिडकीबाहेर जानेवारीचं धुकं होतं, आणि धुक्यात जे पांढरं दिसत होतं ते कपाशीचं शेत होतं की धुकंच, हे काही केल्या कळत नव्हतं. पुण्याहून निघाल्यापासून मला धड झोप लागली नव्हती आणि धड जागही आली नव्हती. त्या गुंगीतच नागपूर जवळ येत होतं.

समोरच्या बाकावर लुगडं नेसलेली एक बाई शेंगा सोलत बसली होती. तिने मूठभर दाणे माझ्यापुढे केले. "घे, फल्ली (शेंगदाणे) खाय. कोठं चालली वं?"

"नागपूरला. सामने आहेत. मी बास्केटबॉल खेळते. गार्ड आहे."

"गार्ड!" तिचे डोळे मोठे झाले. "रेल्वेत बायाही गार्ड होऊन राहिल्या काय आता?"

मला हसू आलं. तिला सांगितलं, आमच्या खेळात गार्ड म्हणजे चेंडू सांभाळत पुढे नेणारी आणि तो कुणाला, कधी द्यायचा हे ठरवणारी. समोरच्या संघाची गार्ड चेंडू घेऊन आली की तिला अडवायचं कामही तिचंच. बाईने मान डोलावली. "म्हणजे घरातल्या मोठ्या सुनेसारखं," ती म्हणाली. अकरा वर्षं मी हा खेळ खेळले, त्याच्या जोरावर कचेरीत नोकरी मिळवली, पण माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन कुणी केलं नव्हतं.

संघ दोन दिवसांनी येणार होता. मी मुद्दाम आधी निघाले होते. प्रशिक्षकांना सांगितलं, नातेवाइकांना भेटायचंय. नागपुरात माझं कुणीही नव्हतं. कामठीला एक मुलगी होती, कुसुम रामटेके, आणि तिला भेटून मला एक गोष्ट सांगायची होती.

सहा वर्षांपूर्वी नागपुरातच आमच्या संघाचा अंतिम सामना झाला होता. शेवटचं मिनिट चालू होतं आणि आम्ही एका गुणाने पुढे होतो. समोरच्या संघाची गार्ड कुसुम चेंडू घेऊन आली, तिने मला चकवलं आणि ती निघून गेली. पंच दुसरीकडे पाहत होते. मी मागून पाय घातला. ती पडली, पुन्हा उठली नाही. आम्ही जिंकलो. त्या विजयामुळे माझी नोकरी पक्की झाली, पुढच्या वर्षी मी कर्णधार झाले. कुसुमचा गुडघा कायमचा गेला. तिची नोकरी हंगामी होती, तीही गेली, असं नंतर कानावर आलं. आता पुढच्या वर्षापासून नव्या मुलींना शिकवण्याचं काम माझ्याकडे येणार होतं. काय शिकवणार होते मी त्यांना?

सीताबर्डीवर सामान एका लॉजमध्ये टाकलं आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर तर्रीपोहे खाल्ले. पोह्यांवर लालभडक रस्सा, वर सांभार (कोथिंबीर). पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं. टपरीवाला म्हणाला, "पुण्याच्या दिसता. दही टाकू काय?" मी नको म्हटलं आणि पुढचे दहा घास पश्चात्ताप केला.

कामठीची बस धुक्यातूनच गेली. मोठी झाडं रस्त्यावर येत आणि मागे सरत. लष्करी छावणीतले सरळ, झाडलेले रस्ते संपले आणि एकदम विणकरांच्या मागांचा आवाज सुरू झाला. एका गल्लीत खट्-खट्, दुसऱ्या गल्लीत खट्-खट्, जणू सारं गाव एकाच तालात श्वास घेत होतं. "बॉल खेळणारी कुसुम" एवढं विचारल्यावर तिसऱ्याच माणसाने घर दाखवलं.

शेजारीपाजारी पॉवरलूम आले होते, पण तिच्या वडिलांचा अजून हातमागच होता. साठीचा सडपातळ माणूस, पाय खड्ड्यात सोडून मागावर बसलेला. मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर. मला पाहून त्यांनी उभ्या धाग्यांतून धावणारा धोटा थांबवला.

"कुसुम? ती नाही इथं. नरखेडकडं दिली तिले. तू कोण?"

"मी तिच्याबरोबर खेळायचे," मी म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं, आणि खरंही नव्हतं.

त्यांचा चेहरा उजळला. चहा आला. छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या वेळी नऊ वर्षांची कुसुम गर्दीत त्यांच्या खांद्यावर बसली होती, ते सांगून झालं. मग आवाज उतरला. "तो नागपूरचा सामना मी पाह्यला होता. माग बंद ठेवून गेलो होतो. पोरगी बॉल घेऊन अशी निघाली, आन् ऐन वेळी स्वतःच्याच पायात पाय घातला. टोंगळा (गुडघा) गेला, नोकरी गेली. घरी आल्यावर म्हणे, बाबा, कोणीतरी पाय घातला. मी लय बोललो तिले. म्हटलं, हारली तर हारली म्हण. दुसऱ्यावर नको ढकलू. आपल्या घरात लबाडी नाही चालत."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय! त्याच्यानंतर ती माह्याशी खेळाचं बोललीच नाही. येते, पाणी पिते, जाते."

मी चहा संपवला. बोलायला तोंड उघडलं आणि विचारलं ते एवढंच, की नरखेडची बस कुठून मिळते. त्यांनी कागदावर गावाचं नाव लिहून दिलं आणि दारापर्यंत पोचवायला आले.

दुसऱ्या दिवशी काटोलच्या पुढे मी चुकीच्या फाट्यावर उतरले. कंडक्टरने एक नाव घेतलं, मला दुसरं ऐकू आलं. बस निघून गेली आणि सगळं शांत झालं. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या. काही झाडांना फळं लगडलेली, काहींना नुकती पांढरी फुलं. त्या फुलांचा वास धुक्यात अडकून राहिला होता, त्यामुळे तो नाकाला येत नव्हता, अंगाला लागत होता. त्या वासातून मी तास-दीड तास चालले असेन. आपण कशासाठी आलोय हे मध्ये मध्ये विसरायला होत होतं, आणि विसरल्याचं लक्षात आलं की पाय जड होत. शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपल्या बंडीत (बैलगाडीत) बसवून घेतलं. त्याने मला काही विचारलं नाही. तो फक्त बैलांशी बोलत होता.

कुसुम विहिरीवर होती. पंप सुरू करून ती वळली आणि तिने मला लगेच ओळखलं. चालताना तिचा उजवा पाय वाकत नव्हता. कमरेतून जरासा फिरवून ती तो पुढे टाकायची.

"तू!" ती म्हणाली. मग तिने ओले हात पदराला पुसले. "ये. भाकर खाऊन घे आधी."

वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, ठेचा. तिचा नवरा प्रल्हाद मोसंबीच्या व्यापाऱ्याला भेटायला फटफटीवर (मोटारसायकलवर) गेला होता. ती तव्याजवळ, मी भिंतीजवळ. अर्धी भाकरी संपली तेव्हा मी सांगितलं, "कुसुम, तो पाय माझा होता. मी मुद्दाम घातला होता."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मले मालूम आहे ना. तुह्या बुटाची पट्टी निळी होती. पडता पडता तेच दिसली मले."

मी मान खाली घातली. तिने मात्र शेजारच्या टोपलीतून दोन संत्री घेतली आणि जमिनीवर ठेवली. "हे मी. हे तू. मी डावीकडं पाह्यलं, तू डावीकडं हलली, आन् मी उजवीकडून निघाली. बरोबर?"

"बरोबर. मी आधी हलले. तुझी मान इतकी खरी वळली होती."

"महिनाभर आरशासमोर मान वळवत होती मी," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर क्षणभर ती बावीस वर्षांची मुलगी आली. मग लगेच गेली. "कामठीले गेली होती? बाबाले भेटली?"

"हो."

"सांगितलं?"

"नाही. जमलं नाही."

ती उठली. तवा उतरवून ठेवला. पाठमोरीच म्हणाली, "मंग इथं काहून (कशाला) आली वं? मले सांगून काय होते? मले तर पहिल्या दिवसापासून मालूम आहे. नोकरी गेली, टोंगळा गेला, त्याचं रडून झालं माहं. पण बाबाच्या घरात सहा वर्षांपासून मी लबाड आहे."

दुपारभर मी तिच्यामागे बागेत फिरले. ती झाडांच्या आळ्यांत पाणी फिरवत होती. या झाडांना आधी महिनाभर पाणी तोडावं लागतं, त्याला ताण म्हणतात, तेव्हा कुठे फुलं येतात, असं तिने सांगितलं. तेही माझ्याकडे न पाहता. रात्री मी तिथेच राहिले. सकाळी ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली, तो पाय फिरवत, माझ्या बरोबरीने. बस दिसल्यावर म्हणाली, "तू सांगितलं म्हणून मी तुह्यावर खूश होईन असं नको समजू."

"नाही समजत."

"मंग ठीक आहे. जाय."

कामठीच्या गल्लीत पुन्हा शिरले तेव्हा ऊन पडलं होतं. परवाचं धुक्यातलं गाव हेच का, असं वाटण्याइतकं सगळं उघडं दिसत होतं. दारातली मडकी, वाळत घातलेलं रंगीत सूत, त्याखाली झोपलेलं कुत्रं. कुसुमचे बाबा मागावरच होते. "आली काय पोरी? भेटली कुसुम?"

मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता. "बाबा, कुसुम खरं बोलली होती. तिच्या पायात पाय मी घातला."

धोटा त्यांच्या हातात राहिला. शेजारचे पॉवरलूम चालूच होते, पण या खोलीतला आवाज थांबला, आणि त्या थांबण्यात मी उभी होते.

"मुद्दाम?"

"हो."

"काहून?"

"ती निघून गेली होती. मला तिला गाठता येत नव्हतं."

त्यांनी धोटा बाजूला ठेवला. विणलेल्या कापडावरून तळहात फिरवला, एकदा, दोनदा, जणू त्यात कुठे गाठ आहे का ते पाहत होते. मला वाटलं आता ओरडतील. मला ते हवंही होतं.

"पुरी निघून गेली होती?"

"पुरी. तिच्या समोर कुणीच नव्हतं."

"टाकला असता तिनं?"

"टाकला असता, बाबा. आम्ही हरलो असतो."

ते खड्ड्यातून वर आले, खुंटीवरचा सदरा अंगात चढवला आणि बटणं लावायला लागले. बटणं लागेनात. वरचं खालच्या काजात जात होतं. मी पुढे झाले तर त्यांनी हात आडवा केला.

"लग्न झाल्यापासून तिच्या घरी गेलो नाही मी," ते बटणांकडे बघत म्हणाले. "वाटे, आपल्याशी मोकळं बोलत नाही पोरगी, तर काहून जा. नरखेडची गाडी आत्ता भेटन काय?"

नागपूरपर्यंत आम्ही एकाच बसमध्ये, एकाच बाकावर होतो. ते सारा वेळ खिडकीबाहेर पाहत होते. स्टँडवर मी त्यांना नरखेडच्या गाडीत जागा धरून दिली. ती त्यांनी घेतली, आणि मी खाली उतरून खिडकीशी उभी राहिले तेव्हा माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात माफी नव्हती. रागही नव्हता. अनोळखी माणसाने वाट सांगितल्यावर आपण पाहतो तसं काहीतरी होतं. मग ते शेजारी बसलेल्या पागोटेवाल्याकडे वळले. गाडी सुरू झाली होती, तरी इंजिनाच्या वरताण त्यांचा आवाज मला ऐकू आला. "पोरीकडं चाललो. गार्ड होती माही पोरगी. सगळ्यायले मागं टाकून निघून गेली होती."

स्पर्धेत आम्ही उपांत्य सामना हरलो. परतताना गाडीत मी प्रशिक्षकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, जुनी गोष्ट आहे, आता उकरून काय होणार, जिंकलेली ढाल तर परत देता येत नाही. ते खरंच होतं. कर्णधारपद मात्र मी परत दिलं. त्यांनी आधी नको म्हटलं, मग घेतलं.

वर्धा आलं, गेलं. तीच शेतं आता उन्हात होती, कापूस कापसासारखा दिसत होता. प्रवासाहून आलेल्या माणसाने काही तरी मिळवून आलो असं सांगायचं असतं. मला तसं म्हणवत नाही. सहा वर्षं जे मिनिट मी माझं म्हणून वापरलं, ते कुसुमचं होतं. तिला ते परत देणं माझ्या हातात उरलेलं नाही. तिच्या बापाला ते दाखवता आलं, एवढंच. त्या दिवशी नरखेडकडच्या त्या फाट्यावर तो माणूस उतरला असेल, आणि विहिरीवरचा पंप बंद करून कुसुम वळली असेल. पुढे त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. ते माझ्या कानावर यायला नकोच होतं.